माळ्यावरचा अँप, पिवळ्या फोमचा हेडफोन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळ्यात माळे आवरले जातात, आणि मग जुन्या अँपचे (अँप्लिफायरचे), कॅसेट डेकचे, हेडफोनचे प्रश्न घेऊन पत्रं येतात. त्यांतली काही इथे घेतली आहेत. एकाच दोषाबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

अमळनेर

प्रश्न : आबांनी १९८० च्या सुमारास घेतलेला स्टिरिओ अँप पंधरा वर्षं माळ्यावर, पत्र्याखाली पडून होता. बाहेरून स्वच्छ दिसतो. प्लग लावून पाहायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. आधी झाकण उघडा, प्लग काढलेलाच असू द्या. माळ्यावर राहिलेल्या यंत्रात उंदीर शिरलेला असतोच असं धरून चाला. त्याच्या मुतानं सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटतात. ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलांत सुकलेली पाल सापडणंही नवं नाही. जाळीच्या भोकांत कुंभारीण माशीनं मातीचं घरटं केलं असेल तर ते कोरडंच, लाकडी काडीनं काढा. ओलं फडकं लावलं तर चिखल होऊन आत उतरतो. धूळ मऊ ब्रशनं सोडवायची आणि व्हॅक्यूमच्या नळीनं बाहेर ओढून घ्यायची. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

मग कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग, पाहा. डोकं फुगलेला किंवा बुडाशी ओल सोडलेला कंडेन्सर बाद. मात्र बुडाशी तपकिरी थर दिसला म्हणून लगेच गळका ठरवू नका. मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यातच गोंद लावत, तोच सुकून तपकिरी होतो. काही गोंद जुना झाला की गंज आणतो आणि थोडीफार वीजही वाहू देतो. शेजारच्या रेझिस्टन्सच्या पायांना तो चिकटला असेल तर खरवडून काढा.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार दिसली तर तिथेच थांबा. ती कुणी आणि का घातली हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. नवा फ्यूज मागच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याचाच घ्या. आकड्याआधी टी असेल तर हळू उडणारा, एफ असेल तर झटकन उडणारा.

एवढं झालं की सिरीज बोर्ड. रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानात तो अजून भिंतीवर असतो. फेजच्या वायरीत साधा तारेचा बल्ब मालिकेत जोडायचा आणि त्यातून अँपला वीज द्यायची. २० वॉट प्रति चॅनेलच्या अँपला ६० वॉटचा बल्ब, मोठ्याला १०० वॉटचा. एलईडी किंवा सीएफएल इथे चालत नाही; थंड तारेचा कमी आणि तापलेल्या तारेचा जास्त रेझिस्टन्स हीच यातली सगळी युक्ती आहे. स्पीकर जोडू नका, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, चालू करा. बल्ब क्षणभर झगमगून मंद लालसर झाला तर मोठे कंडेन्सर भरले आणि आत शॉर्ट नाही. बल्ब तसाच भगभगत राहिला तर लगेच बंद करा. आउटपुट ट्रान्झिस्टर, डायोड किंवा मुख्य कंडेन्सर यांपैकी काहीतरी शॉर्ट आहे. बल्ब नसता तर त्याच जागी ट्रान्सफॉर्मर जळाला असता.

मंद बल्बावर अर्धा तास चालू द्या. पडून राहिलेल्या कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो, तो कमी व्होल्टेजवर हळूहळू परत धरतो. या अर्ध्या तासात यंत्रापाशीच बसा. मासळीसारखा उग्र वास आला की बंद.

यानंतर थेट वीज द्या आणि पाच मिनिटांनी स्पीकरच्या टर्मिनलांवर मल्टिमीटर डीसीच्या २ व्होल्टवर लावा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या पुढे असेल तर मेकॅनिककडे न्या. व्होल्टमध्ये आकडा आला तर स्पीकर जोडताच त्याची कॉइल जळेल. २एन३०५५ ट्रान्झिस्टर वापरलेल्या त्या काळच्या बऱ्याच अँपमध्ये स्पीकरच्या वाटेत मोठा कंडेन्सर असतो. तिथे आकडा नेहमीच शून्याजवळ येतो. तो पाहून निर्धास्त होऊ नका, कारण ट्रान्झिस्टर बिघडला तरी कंडेन्सर ते झाकून ठेवतो. आणि ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीला बोट लावू नका, तिच्यावर सप्लायचा पूर्ण व्होल्टेज असू शकतो.

आत हात घालण्याआधी मुख्य कंडेन्सर रिकामे करायचे. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची रीत सोडा. १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स पकडीत धरून टोकांना पाच सेकंद लावला की ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर रिकामा होतो. मीटरनं खात्री करा.

सगळे कंडेन्सर एकदम बदलून टाका, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. आमचं मत उलटं आहे. जे बिघडले ते बदला, यंत्र महिनाभर चालवा, मग पुढचं बघा. वीस कंडेन्सर एका बैठकीत बदलले आणि एक उलटा लागला तर शोधणं कठीण होतं. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा घ्या. यात काटकसर नको. तापमान १० अंशांनी उतरलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांना ८००० तास चालेल. १०५ अंशांना २००० तासांचा त्याच ६५ ला ३२,००० तास. मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असते तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही. अँपच्या डोक्यावर निदान १० सेंटीमीटर मोकळी जागा हवी, आणि विणलेला रुमाल नको. शोभेसाठी घातलेल्या रुमालानं जाळी झाकते आणि अँप उकडतो.

पाचोरा

प्रश्न : व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, मधेच एक बाजू जाते.

उत्तर : कंट्रोलच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर आणा. दाराच्या बिजागऱ्यांवर मारायचा तेलकट स्प्रे नको. तो आज खरखर थांबवतो आणि सहा महिन्यांत धुळीचा लगदा करतो. यंत्र बंद. कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीत नळी लावून अर्धा सेकंद फवारा, मग बटण टोकापासून टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. तासभर वाळू द्या. टोन, बॅलन्स, टेप मॉनिटर आणि स्पीकर सिलेक्टरची बटणं याच वेळी उरकून घ्या; एक बाजू जाण्याचं खापर व्हॉल्यूमवर फुटतं, पण दोष पुष्कळदा टेप मॉनिटरच्या बटणात निघतो.

जळगाव

प्रश्न : जुन्या बाजारात ६०० ओहमचा ऑस्ट्रियन हेडफोन स्वस्तात मिळाला. मोबाइलला लावला तर आवाज कुजबुजल्यासारखा येतो. हेडफोन गेला आहे का?

उत्तर : हेडफोन बहुधा ठणठणीत आहे, मोबाइल कमी पडतो आहे. मोबाइलला जोडायची छोटी कनेक्टर-वायर अर्धा ते एक व्होल्ट देते. अर्ध्या व्होल्टला ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये सुमारे ८ मिलिवॉट जातात, ६०० ओहमच्यात ०.४ मिलिवॉट. म्हणजे १३ डेसिबलांच्या जवळपास घट. ६०० ओहममध्ये १० मिलिवॉट घालायचे तर अडीच व्होल्ट लागतात.

हे हेडफोन स्टुडिओच्या आणि घरच्या अँपसाठी बनले. जुन्या अँपमध्ये हेडफोनचं भोक स्पीकरच्याच आउटपुटवरून, मधे ३३० ओहमच्या आसपासचा रेझिस्टन्स घालून काढलेलं असतं. २० वॉटचा अँप पूर्ण जोरात १२ व्होल्टांपेक्षा थोडं जास्त देतो, त्यातले ८ व्होल्ट तुमच्या हेडफोनला मिळतील. ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तेव्हा प्लग लावताना व्हॉल्यूम शून्यावर असू द्या. आजचा ३२ ओहमचा हेडफोन त्याच भोकात लावला तर आवाज पुरेल, पण त्या मोठ्या रेझिस्टन्समुळे बऱ्याच हेडफोनांचा खालचा सूर फुगतो आणि तबला ढोलासारखा वाजतो. त्यामुळे नवा हेडफोन अँप विकत घेण्याआधी घरात कुणाचा जुना स्टिरिओ पडून आहे का ते विचारा. तुमच्या हेडफोनची खरी जोडी तोच आहे.

नंदुरबार

प्रश्न : हेडफोनच्या गादीचं रेक्झिन सोलून काळे कपटे गालाला चिकटतात. आतला फोम भुगा झाला आहे. शिवाय उजव्या कानात काही विशिष्ट सुरांनाच चर्र आवाज येतो.

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. गादीचं रेक्झिन पॉलियुरेथेनचं असतं. हवेतली ओल आणि घाम यांनी त्याची साखळी तुटत जाते, आणि उष्णता ते काम लवकर आटोपते. तेल, मॉइश्चरायझर लावून ते परत येत नाही. गाद्या बदलायच्याच.

नव्या घेताना बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी, तिन्ही मोजा. जाडी हा शोभेचा प्रश्न नाही. ५ मिमी जास्त जाड गादीनं कान हेडफोनमधल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यापासून लांब जातो आणि आवाज बदलतो. कानाभोवती फट राहिली तर खालचे सूर निसटतात. पडद्यासमोरची फोमची पातळ चकतीही बदला. २-३ मिमी जाडीचा, तोंडानं फुंकलं तर हवा आरपार जाईल असा फोम कात्रीनं गोल कापून चालतो.

चर्र म्हणजे पडद्याला काहीतरी टेकतं आहे. बहुतेक वेळा तो केस असतो, नाहीतर फोमचा कण. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन अगदी हळू लावा. चर्र स्पष्ट झाली की हेच निदान. कप उलटा, पडदा जमिनीकडे करून धरा आणि जाळीवरून मेकअपचा नवा ब्रश हलका फिरवा. जाळीत अडकलेले कण चिकटपट्टीनं वरच्यावर उचला. जाळी निघत असेल आणि केस दिसत असेल तर बोथट चिमट्यानं त्याचं टोक धरा, पडद्याला स्पर्श नको. तो पडदा केसापेक्षाही पातळ असतो आणि बोटानं पडलेला खळगा कायमचा. फुंकरही मारू नका, थुंकीचे तुषार जातात. टाचणी, सुई यांना जवळ फिरकू देऊ नका. मागे चुंबक आहे, ती हातातून सुटते आणि थेट पडद्यात शिरते.

याच पत्रात पिवळ्या फोमच्या सेनहायझर एचडी ४१४ बद्दल विचारलं आहे. १९६८ सालचा हा हेडफोन उघड्या पाठीच्या हेडफोनांतला पहिला. त्याचे फोम धुता येतात : कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मुठीत दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. चिमटीत दाबल्यावर पिवळी पूड सुटली तर धुण्याची वेळ गेली. जुना एचडी ४१४ २००० ओहमचा आहे, तेव्हा वरच्या उत्तरातला मोबाइलचा हिशोब इथे आणखी कडक लागू पडतो.

शिरपूर

प्रश्न : हेडफोनचा डावा कान बंद. वायर वाकवली की क्षणभर येतो. घरी जोडता येईल का?

उत्तर : येईल. वायर तुटते ती प्लगच्या मानेशी, नाहीतर कपात शिरते तिथे. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. प्लगचं टोक म्हणजे डावा, मधली कडी म्हणजे उजवा, बुंधा म्हणजे समाईक. टोक आणि बुंधा यांच्यात हेडफोनच्या ओहमाच्या जवळचा आकडा यायला हवा. काहीच नाही आलं तर तार तुटली, शून्य आलं तर शॉर्ट. मीटर लावताना कानात बारीक खट्ट आवाज आला तर पडद्यामागची कॉइल जिवंत आहे.

प्लगपाशी तुटली असेल तर ४ सेंटीमीटर मागे कापा. आता थांबा, आणि नव्या प्लगचं टोपण व श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) वायरीत आधी ओवा. हे विसरून जोडणी पुन्हा उकलायची पाळी भल्याभल्यांवर येते. वरचं आवरण १५ मिमी सोला. आतल्या तारा रंगीत आणि केसासारख्या दिसतील. तो रंग म्हणजे वार्निश आहे, त्यावर सोल्डर धरत नाही. ब्लेडनं खरवडलं तर तारा तुटतात. सोल्डरिंग आयर्न ३६० अंशांच्या आसपास तापवा, टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. वार्निश जळून धूर येतो, मग तार चांदीसारखी चकाकते. चकाकली नाही तर परत. लाल बहुधा उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याच्या रंगाची समाईक. पण कारखान्यागणिक हे बदलतं, म्हणून रंगावर न विसंबता मीटरनं ठरवा. ज्या हेडफोनच्या प्रत्येक कानाला दोन वेगळ्या तारा येतात त्यांत चार टोकं निघतात, दोन समाईक एकत्र पिळायच्या.

कपाच्या बाजूनं जोडत असाल तर पडद्याच्या टर्मिनलवर आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, प्लास्टिक वितळून पाय निसटतो. आत वायरीला एक गाठ मारा, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही.

शेवटी मोनो आवाज, साधं बोलणं, लावून ऐका. आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा. तो दोन्ही कानांत फाकून येत असेल आणि खालचे सूर गायब असतील तर एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या आहेत.

धुळे

प्रश्न : जिभाऊंनी जपानहून टर्नटेबल आणि ट्यूनर आणले. २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर चालतील ना?

उत्तर : अर्धंच. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, ११० ची नाही. त्यात आपल्याकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की १८० आणि बंद झाले की २५०. तुमचा ट्रान्सफॉर्मर २५० चे १२० करून देईल, म्हणजे १०० च्या यंत्राला वीस टक्के जास्त. दहा-वीस दिवस काही दिसणार नाही, पण आतले रेग्युलेटर आणि कंडेन्सर भाजत राहतील. १०० व्होल्टचा टॅप (वीज काढायचं टोक) असलेला ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या आणि त्याच्या आधी स्टॅबिलायझर लावा. मागच्या पट्टीवरच्या वॉटांच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या.

टर्नटेबलला दुसरी अडचण फ्रिक्वेन्सीची. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झ, पश्चिम भागात ६०. मोटर डीसी असेल, बहुतेक डायरेक्ट ड्राइव्हमध्ये असते तशी, तर काही प्रश्न नाही. एसी सिंक्रोनस मोटर असेल आणि पुली ६० हर्ट्झची असेल तर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतील आणि प्रत्येक गायक सर्दी झाल्यासारखा गाईल. तबकडीखाली मोटरच्या पुलीजवळ ५०/६० लिहिलेलं असतं. लहान-मोठ्या दोन पुल्यांपैकी मोठी ५० ची.

वेग तपासायला १८० काळ्या रेघांची स्ट्रोब चकती लागते. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा मिचकतो, त्या हिशोबानं ३३⅓ ला १८० रेघा स्थिर दिसतात. फेऱ्यांच्या दिशेनं सरकल्या तर वेग जास्त. हे चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली किंवा निऑनखाली दिसतं. आजच्या बऱ्याच एलईडींखाली रेघा नुसत्या पुसट होतात. अमेरिकेची चकती २१६ रेघांची, ती इथे कामाची नाही.

ट्यूनरबद्दल वाईट बातमी. जपानचा जुना एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८७.५ ते १०८. ९० च्या वरचं एकही स्टेशन लागणार नाही. मीडियम वेव्ह मात्र लागेल, कारण दोन्हीकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आहेत. उद्या कुणी अमेरिकेहून डिजिटल ट्यूनर आणला तर बरोबर उलटं होईल : एफएम लागेल, पण १० च्या पायऱ्यांमुळे मीडियम वेव्हची बहुतेक स्टेशनं हुकतील.

यावल

प्रश्न : मोठ्या आईनं म्हटलेल्या अहिराणी लग्नगीतांच्या दोन कॅसेट आहेत. डेकमधली चाकं फिरत नाहीत, आत काळं डांबर साचलंय. कॅसेट संगणकावर घ्यायच्या आहेत.

उत्तर : काळं डांबर म्हणजे वितळलेला बेल्ट. उष्णतेत काही जुन्या बेल्टांचं असं होतंच. कपड्याला लागलं तर निघत नाही, हातमोजे घाला. पुली आणि फ्लायव्हील ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काड्या वापरून पुसा. काडी पांढरी निघेपर्यंत. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन चिकट थर ठेवतं. बेल्टचं माप असं घ्या : पुल्यांभोवती बेल्ट जातो त्याच वाटेनं दोरा गुंडाळा, लांबी मोजा, त्यातून ५ ते ८ टक्के वजा करा. फ्लायव्हीलचा बेल्ट बहुधा चपटा, बाकीचे चौकोनी. घट्ट बेल्ट लावला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि आवाज थरथरतो.

मग हेड (टेप वाचणारा भाग) आणि कॅपस्टन (टेप ओढणारी बारीक दांडी) त्याच अल्कोहोलनं, रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्यानं.

तुमच्या कॅसेट आधी लावू नका. टाकाऊ कॅसेट अर्धा तास चालवा. तिची टेप रोलरभोवती अडकली नाही तरच पुढे. गीतांच्या कॅसेटमध्ये टेपमागचा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का ते पाहा, तो पडला असेल तर वरचे सूर जातात. स्क्रू असलेली नवी कॅसेट विकत घेऊन तिच्या खोक्यात जुनी टेप बसवता येते. पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, बुरशी हेडवरून दुसऱ्या कॅसेटला लागते. सगळं ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर मोकळे होतात. सी-१२० असेल तर हेही टाळा, तिची टेप ९ मायक्रॉनच्या आसपास, सी-६० च्या निम्मी असते. नुसती एकदाच वाजवा आणि तेव्हाच रेकॉर्ड करा.

आता खरी गोम. ती गीतं दुसऱ्याच डेकवर रेकॉर्ड झाली होती आणि त्याचं हेड किंचित तिरकं असणार. तुमच्या डेकच्या हेडशेजारी एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून तो एका वेळी फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याएवढा फिरवा. बांगड्यांचा किणकिणाट, ‘स’ आणि ‘च’ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. फरक ऐकून चकित व्हाल. घरची रेकॉर्डिंग बहुधा डॉल्बीशिवाय (टेपची खरखर दाबणाऱ्या सोयीशिवाय) असते, डॉल्बी बंद ठेवा. संगणकावर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका, प्रत करून तिच्यावर चालवा.

चोपडा

प्रश्न : पेटीभर जुन्या ७८ च्या रेकॉर्ड आणि काही एलपी आहेत. स्पिरिटनं पुसल्या तर चालतील?

उत्तर : एलपीला आयसोप्रोपिल मिसळलेलं पाणी चालतं, ७८ ला कधीच नाही. ती लाखेची आहे आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पहिल्याच फडक्याबरोबर गाणं निघून येईल. आपल्याकडे ७८ च्या लाखेच्या रेकॉर्ड १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे नव्या सिनेमाची आहे म्हणून ती प्लास्टिकची असेल असं धरू नका.

७८ साठी डिस्टिल्ड वॉटर लिटरभर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ ब्रश चरांच्या दिशेनं गोल फिरवा, मधला कागद भिजवू नका, साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून लगेच कोरडी करा. एलपीला यातच पाव हिस्सा आयसोप्रोपिल. बोअरचं पाणी दोघींनाही नको, वाळल्यावर क्षार चरात बसतात.

सुईचाही फरक आहे. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ ची ७० च्या आसपास. एलपीची सुई ७८ च्या चरात तळाला घासत जाते, खरखर आणि झीज दोन्ही. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर लावूच नका, तिथलं वजन ती एका वाजवण्यात खरवडून टाकतं.

ठेवायच्या उभ्या, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. ६० अंशांच्या आसपास एलपी वाकते आणि मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली तेवढं तापमान सहज होतं.

पारोळा

प्रश्न : टर्नटेबल आणि अँप लावला. मोठी माय म्हणते, “वाजस, पण घरघर करस.” लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की तर जास्तच.

उत्तर : मोठ्या मायनं नेमकं सांगितलं आहे, आता एवढंच बघा : व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घरघर राहते का? राहिली तर अँपचे फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत. गेली तर दोष टर्नटेबलकडून येतो. टर्नटेबलमधून सिग्नलच्या वायरींबरोबर एक पातळ सुटी वायर निघते, ती अँपच्या मागच्या ग्राउंड स्क्रूला लावायची. नव्वद टक्के लोक ती लोंबकळत ठेवतात असं म्हणायचा मोह होतो.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. त्यावर अँप चालवू नका, साइन वेव्हचा असेल तरच चालवा.

आणि अर्थिंग. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे दोन आकडे घ्या, ते जवळपास सारखे हवेत. २३० आणि १५० असे आले तर अर्थिंग सुकलं आहे. उन्हाळ्यात हे होतं; खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पुन्हा मोजा, आणि तरीही फरक राहिला तर इलेक्ट्रिशियन. घरघर घालवायला तीन पिनांतली जाडी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरघर थांबेल, पण आत तार सुटली तर अँपचं धातूचं खोकं फेजवर जाईल.

भुसावळ

प्रश्न : स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम बोट लावताच गळून पडतो. डीजेचे स्पीकर दुरुस्त करणारा म्हणतो, कोनच बदलू.

उत्तर : त्याला नको म्हणा. तो डीजेच्या किटमधला कोन आणि कॉइल बसवेल, स्पीकर वाजेल, पण तो तुमचा स्पीकर उरणार नाही. कोन आणि कॉइल चांगली असेल तर फक्त फोमची कडी बदलते. कोन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला नाही तर कॉइल ठीक.

कोनाचा व्यास, लोखंडी चौकटीचा आतला व्यास आणि कडीच्या फुगवट्याची रुंदी मोजून कडी मागवा. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिलनं काढा. कागदी कोनावर ते थोडंच घ्या. गोंद पाण्यात मिसळणारा, वाळल्यावर लवचीक राहणारा हवा. झटपट चिकटणारा गोंद कडक होतो आणि कडी तिथेच चिरते. आधी कडी कोनाला चिकटवा, रात्रभर ठेवा. मग चौकटीला गोंद लावून ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू चालू ठेवा आणि कडी बोटांनी सरकवत कोन मधोमध आणा, घासणं ऐकू येणार नाही तिथे दाबून धरा. चोवीस तास हात लावू नका. दोन्ही स्पीकर एकदम करा, एकच केला तर दोन्हीकडचा खालचा सूर जुळत नाही.